आजोबांना बरोबर नेऊन बघितलेली दोन कॉलेजं

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी थोरल्या नातवाने मला विचारलं, की आम्ही इतक्या लांब, आजोबा गेले तेव्हा आम्हाला येता आलं नाही हे ठीक, पण मामाची मुलगी तर भारतातच होती, ती का आली नाही. रागाने विचारलं नव्हतं. पण माझ्या मागे टेबलाशी तुमची मामी भाजी निवडत बसली होती आणि तिचे हात थांबले. मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीत सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत केला, आणि तुम्हालाही तेच सोपं जातं. पण आजोबांचं बोलणं मला इंग्रजीत नेता येणार नाही. अडेल तिथे आईला विचारा.

गोष्ट कॉलेजपासून सुरू होते. बारावीनंतर तुमच्या बहिणीला (चुलत-मामे असं मी लिहीत नाही, बहीणच म्हणते) एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क मिळाले नाहीत. डेंटलला प्रवेश मिळत होता, पण मुंबईतलं सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. उरली दोन. एक खाडीपलीकडचं खाजगी, मुलुंडहून रोज जाऊन-येऊन करता येण्यासारखं. दुसरं विदर्भातलं सरकारी; रात्रभराचा गाडीचा प्रवास, म्हणजे हॉस्टेल. वेबसाइटवर पसंतीक्रम भरायचा असतो आणि पहिल्या पसंतीचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, मागाहून बदलता येत नाही. तेव्हा पहिल्या नंबरला कोणतं घालायचं, एवढाच प्रश्न होता. उरलेल्या आयुष्यात तिच्या हातून काय दर्जाचं काम होणार, ते त्यावर ठरणार होतं. आम्हाला मात्र तेव्हा तो बस की हॉस्टेल असा प्रश्न वाटत होता.

तुमच्या मामीचा कल जवळच्या कॉलेजकडे होता. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तुम्ही आला होतात तेव्हा धाकटीचा दुधाचा दात तिथेच काढला. तो मुलगा आमच्यासमोर वाढला. नम्र, स्वच्छ, दवाखान्यात निळसर दिवे, भिंतीवर हसणाऱ्या मुलांची चित्रं. तो त्याच खाजगी कॉलेजात शिकलेला. मामी म्हणायची, डोळ्यासमोर उदाहरण आहे, आणखी काय बघायचं.

तुमचे आजोबाही त्याच्याकडेच जात होते. डाव्या बाजूला जिभेला एक चट्टा आला होता, जाता जात नव्हता. तंबाखू त्यांनी केव्हाच सोडली होती, पण जेवणानंतर भाजलेली सुपारी लागायची. स्वतः अडकित्त्याने कातरायचे, एकसारखी, कागदासारखी पातळ. त्या मुलाने तपासलं आणि सांगितलं की मागच्या दाढेची कड टोकदार झाली आहे, ती जिभेला घासते. कड घासून दिली, लावायला जेल दिलं, परत या म्हणाला. आजोबा परत गेले. पुन्हा घासलं, पुन्हा जेल. असं काही महिने चाललं. दुसरीकडे दाखवू या असं आमच्यापैकी कुणीच म्हटलं नाही. आपल्याच इमारतीत डॉक्टर असताना बाहेर गेलो तर त्याच्या आईशी लिफ्टमध्ये काय बोलायचं? आमच्याकडे अशीच रीत आहे. बिल्डिंगमधला तो आपला, आणि आपल्या माणसाला सोडून जायचं नसतं.

कॉलेजं बघायला जायचं ठरलं तेव्हा तुमचा मामा वेबसाइटवरचे फोटो दाखवत होता. आजोबांनी फोन बाजूला सारला. ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळायचे. वर्कशॉप बघायचं तर मशीन चालू असताना बघायचं, आणि कॉलेज बघायचं तर पेशंट होऊन बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना जिभेचं निमित्त होतंच. केसपेपर काढू, मी खुर्चीत बसतो, तू बाजूला उभी राहून काय शिकवतात ते बघ, असं त्यांनी नातीला सांगितलं. मला पद्धत आवडली. मीही निघाले. जवळच्या कॉलेजला मामीही आली.

खाडीपलीकडचं कॉलेज मोठं होतं. काचेची इमारत, आत गारवा, फरशीत तोंड दिसावं अशी चकाकी. तपासणीच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि बहुतेकांवर प्लॅस्टिकचं आवरण तसंच. पेशंट मात्र बाकांवर बरेच दिसले. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, जवळच्या वस्तीत राहणाऱ्या. मी विचारलं, दात दुखतो का. त्या म्हणाल्या, "नाय ओ, दात झकास आहेत माझे. आज कोणतरी साहेब कॉलेज तपासायला येणार आहेत. साहेब येणार असले की बस पाठवतात. नुसतं बसायचं, वडापाव देतात." मग हळूच म्हणाल्या, "तुमाला पण मिळेल. हे खरेच पेशंट आहेत म्हणून सांगू नका."

आजोबांना एका मुलीने घेतलं, तिसऱ्या वर्षाची असेल. खरा पेशंट मिळाल्याचा तिला इतका आनंद झाला की तिने त्यांचे दात पुन्हा पुन्हा पुसून स्वच्छ केले. फार गोड मुलगी. जिभेबद्दल आजोबांनी सांगितलं तेव्हा तिने वाकून बघितलं, मॅडमना विचारून येते म्हणाली, आणि चूळ भरायचं औषध लिहून आणलं. निघताना आजोबांचा फोन नंबर मागितला. परीक्षेला बसायला ठराविक कामं पूर्ण करावी लागतात आणि पेशंट मिळत नाहीत, म्हणून कुणी घरची माणसं आणतं, कुणी वॉचमनला विनवतं. आजोबांनी नंबर दिला.

बाहेर येऊन ते मामीला म्हणाले, "फरशीवर तेलाचा एक डाग नाही गं. तिथे काम होतं कुठे?"

मामीला ते लागलं. आई, तुम्हीच सांगा ना यांना, दवाखाना स्वच्छ असणं हा काय दोष झाला, असं ती मला म्हणाली. मलाही ती इमारत आवडली होती.

विदर्भात आम्ही तिघंच गेलो. मामाला रजा नव्हती, मामीला जायचंच नव्हतं. ते कॉलेज म्हणजे जुनी दगडी इमारत, जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, पंख्यांचा आवाज. आणि माणसं. गाल सुजलेली, रुमाल धरलेली, तोंड बांधलेली माणसं कॉरिडॉरमध्ये जमिनीवरही बसली होती. एक तरुण मुलगा तोंडात बोटं घालून किती मावतात ते डॉक्टरला दाखवत होता. एकच बोट जात होतं. गुटख्याने असं होतं, तोंड उघडणं बंद होत जातं, हे मला त्या दिवशी कळलं. वासही होता. मी नाकाला पदर लावला आणि आजोबांनी माझ्याकडे बघितल्यावर काढला.

खूप वेळाने नंबर लागला. तपासणारी डॉक्टर बुटकी, थकलेली, काहीशी चिडलेलीच मुलगी होती. कशासाठी आलात वगैरे तिने नीट ऐकलंही नाही. "आ करा. अजून. जीभ बाहेर काढा." तिने जीभ गॉजच्या कापडात धरून बाहेर ओढली आणि उजवीकडे वळवली. आजोबांचा चेहरा दुखल्यासारखा झाला. तिने डावी कड बघितली. मग जबड्याखाली आणि मानेला बोटांनी दाबत दाबत ती एका जागी थांबली. तिची चिडचिड गेली. ती फार हळू आवाजात "सर" म्हणाली.

सर आले, वयस्क, जाड चष्म्याचे. त्यांनीही तसंच बघितलं. मागे विद्यार्थ्यांचा घोळका आला. सरांनी त्यांना हातमोजे घालायला सांगितलं आणि एकेकाला चट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवायला लावलं. तुमची बहीण खांद्याला बॅग लावून त्याच घोळक्यात उभी होती. तिचा नंबर आला तेव्हा सर म्हणाले, "अ‍ॅप्रन कुठे आहे? उद्यापासून असं चालणार नाही. घाल हातमोजे." तिने हातमोजे घातले आणि आजोबांच्या जिभेवर बोट ठेवलं. मी भिंतीशी उभी होते. आजोबा तोंड उघडून तिच्याकडे बघत होते.

सरांनी विचारलं, "काय लागतंय हाताला?"

"कडक आहे," ती म्हणाली. "मधे नाही. कडेला."

"बरोबर. कुठल्या वर्षाला आहेस?"

"अजून प्रवेश घेतला नाही. हे माझे आजोबा आहेत."

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. मग स्टूल ओढून आजोबांच्या समोर बसले आणि त्यांनाच सगळं सांगितलं, आम्हाला नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. मुंबईचे आहात तर इथे थांबू नका, उद्याच परळ गाठा. किती दिवसांचं आहे, विचारल्यावर आजोबांनी सांगितलं. सरांनी मान खाली घातली.

परतीच्या गाडीत आजोबा खिडकीशी बसले होते. मी डबा उघडला. त्यांनी पोळी खाल्ली आणि सवयीने खिशात हात घालून सुपारीची डबी काढली. बराच वेळ ती हातात धरून बसले, मग उठून दाराशी गेले. परत आले तेव्हा डबी नव्हती.

परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात तपासण्या सुरू झाल्या. रिपोर्ट आला, तो सर म्हणाले तसाच होता. अर्धी जीभ जाणार, मानेतल्या गाठी काढणार, नंतर किरणं देणार. खालच्या दवाखान्यातला मुलगा वर आला. दारातच उभा राहिला, मी दोनदा म्हटलं तरी आत येईना. त्याची आई त्याच्या मागे जिन्यात थांबली होती. आजोबा म्हणाले, अरे बस, मी काही चावत नाही, आता तर अजिबातच नाही. तो हसला नाही. तो म्हणाला, "काका, मी कॉलेजात असलं कधी बघितलंच नव्हतं. पुस्तकातल्या फोटोत बघितलं होतं. फोटोत ते मोठं असतं." एवढं बोलून तो रडायला लागला.

तुमची बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती.

आता तुम्हाला वाटेल की मग ठरलंच. उलट झालं. पसंतीक्रम भरायची मुदत संपत आली आणि तिने खाडीपलीकडचं कॉलेज पहिल्या नंबरला घातलं. आजोबांना परळला कोण नेणार-आणणार, आजीचे गुडघे असे, बाबांना रजा नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या आईला हवं होतं तेच होत होतं, पण आता ते तिला नको होतं. मी स्वतः मनाशी दोन्ही बाजू मांडून बघत होते आणि दरवेळी बेरीज सारखीच यायची. एकीकडे ती चांगली डॉक्टर होणार, दुसरीकडे आजोबांचे जे काही दिवस उरले असतील त्यांत ती घरात असणार. यात मी सल्ला काय देणार? मला ती घरात हवी होती.

ऑपरेशनसाठी दाखल व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आजोबांनी तिला गॅलरीत बोलावलं. मलाही बसवून घेतलं. पुढे नीट बोलता येईल की नाही माहीत नाही, म्हणून आज बोलून घेतो, म्हणाले.

"बाय, तू ते खाडीपलीकडचं पहिलं घातलंस असं ऐकतो."

"हो."

"का?"

"तुमच्यासाठी. सरळ सांगते."

"मीही सरळ सांगतो. मला बघायला घरात माणसं आहेत. तू इथे राहिलीस आणि मी बरा झालो तरी तुला बघायला एकच पेशंट. मेलो तर तेवढाही नाही."

"आजोबा, असं बोलू नका ना."

"मग केव्हा बोलू? उद्या जीभ कापणार आहेत." ते थोडं हसले. "त्या बुटकीने नुसती मान दाबली आणि तिला कळलं. कशामुळे कळलं? रोज शंभर तोंडं बघते म्हणून. माझ्याच घराखाली तो पोरगा आहे, हुशार आहे, प्रेमाचा आहे. त्याला नाही कळलं. त्याचा दोष मी धरत नाही. त्याला कुणी हात लावायला दिलाच नाही. तुला मी दिलाय."

ती रडत होती. त्यांनी पुढे एकच सांगितलं, "आत जा आणि नंबर बदल. मी जागा आहे तोवर."

ती आत गेली आणि बदलून आली.

यानंतरचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. ऑपरेशन झालं. आजोबा घरी आले, पण त्यांचं बोलणं फक्त मला कळायचं, आणि कधीकधी मलाही नाही. गिळणं अवघड झालं. किरणांनी तोंड आतून सोलून निघालं. तुमच्या बहिणीला विदर्भातलं कॉलेज मिळालं. पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. ती जायच्या आधी आजोबांनी तिची कोरायची सुरी मागून घेतली आणि गॅलरीत बसून दगडावर तिला धार लावली. मधूनमधून ते धार नखावर तपासून बघत होते. ती निघाली तेव्हा स्टेशनवर जायची ताकद नव्हती. खिडकीतून हात केला.

ती रोज व्हिडिओ कॉल करायची. कोरलेली दाढ कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायची आणि आजोबा दोन बोटांचा कोन करून सांगायचे, इथे उतार जास्त झालाय. ती तेवढं कोरून पुन्हा दाखवायची. ते मान हलवायचे. त्या दिवसांत त्यांचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं.

मग गाठ मानेच्या दुसऱ्या बाजूला आली. परळच्या डॉक्टरांनी या वेळी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. आजोबांना समजलं. तिची वार्षिक परीक्षा जवळ आली होती. त्यांनी मला खुणेने आणि अडखळत, तीन-चारदा सांगून पक्कं केलं की परीक्षा चालू असताना काही झालं तर तिला सांगायचं नाही. मी कबूल केलं. कबूल केलेलं मी करते, हे त्यांना माहीत होतं.

ते पहाटे गेले. त्या दिवशी तिचा पेपर होता आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. मामाने फोन हातात घेतला आणि मी तो काढून घेतला. तुमची मामी भिंतीला टेकून रडत होती, पण तिनेही फोन कर म्हटलं नाही. घरात जमलेल्या नातेवाइकांत कुजबुज चालली होती, मुलगी कुठे आहे, एवढा लाड केला नातीचा. मी ते ऐकलं. तुम्हाला तुमच्या आईने त्याच सकाळी फोन दिला होता, तुम्ही स्क्रीनवर त्यांना बघितलंत. तिने बघितलं नाही. तिने त्या दिवशी पेपर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकासमोर मेणाची दाढ कोरली, त्याच सुरीने. संध्याकाळी प्रॅक्टिकल संपल्यावर मी फोन केला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "आजी, काल कॉल का नाही उचललास?" मग मी सांगितलं. मी फोन कानाला लावून बसले. पलीकडे हॉस्टेलमध्ये कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

ती आली तेव्हा फक्त फोटो होता. तिने मला दोष दिला नाही. काही दिवस माझ्याशी बोलली नाही, एवढंच. ते मला मान्य आहे. तेव्हा ती आली नाही असं तुम्ही म्हणू नका. तिला येऊ दिलं नाही. ते आजोबांनी ठरवलं आणि मी पार पाडलं.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत येते तेव्हा थकलेली आणि बारीक झालेली असते. तिथे रोज काय बघते ते सांगत नाही. मी विचारत नाही. खालचा मुलगा तिला एकदा वर भेटायला आला होता. दोन आठवड्यांत न भरलेला कुठलाही चट्टा आता तो स्वतःकडे ठेवत नाही, परळला पाठवतो. जीभ गॉजने कशी धरायची ते त्याने तिच्याकडून माझ्या जिभेवर शिकून घेतलं. मी दोघांसमोर आ करून बसले होते.

या दिवाळीलाही ती आली. बॅग ठेवली, हात धुतले, मला खिडकीशी खुर्चीत बसवलं. उजेड पुरेसा होता तरी टॉर्च घेतला. "आजी, आ कर. अजून. जीभ इकडे." डाव्या कडेला ती नेहमी जास्त वेळ थांबते. बोट फिरवते, परत फिरवते. तो कडकपणा तिच्या हाताला माहीत आहे आणि दरवेळी ती तोच शोधत असते. मग मानेकडे येते आणि जबड्याखाली एकेक जागा दाबत जाते. बोलता येत नसतं, म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसते. त्या बुटक्या डॉक्टरचा चेहरा बदलला होता तसा हा बदलतो का, एवढंच बघत असते.